साळूबाईचं विमान

जयसिंग जुन्या बाजारात गेला होता तो पटाशी घ्यायला. लढाई संपून इतकी वर्षं झाली तरी लष्कराच्या मोडीचं सामान तिथं अजून येत होतं. गंजलेल्या बकलांच्या आणि फुटक्या कंदिलांच्या ढिगातून त्यानं रुंद पात्याची एक पटाशी निवडली, अंगठ्यावर धार पाहिली आणि विकणाऱ्यानं ती हाताशी असलेल्या एका जाड कागदात गुंडाळून दिली. नारायण पेठेतल्या आपल्या माडीवरच्या खोलीत येऊन त्यानं गुंडाळी सोडली. कागद चुरगाळून टाकणार, एवढ्यात त्याचा हात थांबला. कागदावर एका विमानाच्या तीन काळ्या आकृत्या होत्या. एक वरून पाहिल्यासारखी, एक बाजूनं, एक समोरून. पंखांवर दोन गोल कोरे सोडलेले. खाली मापं होती आणि इंग्रजीत लिहिलं होतं, जपानी, लढाऊ. कारखान्यातली ड्रॉइंगं वाचण्यापुरतं इंग्रजी त्याला येत होतं. पहारेकऱ्यांना शत्रूचं विमान ओळखता यावं म्हणून लढाईत असले कागद वाटायचे, हेही त्यानं ऐकलं होतं. तो तसाच खाली बसला. तर हे असं होतं. आई ज्याची वाट बघत मेली ते हे, आणि तिनं ते चित्रातसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. आतून त्याच्या बायकोनं, लीलाबाईनं विचारलं, "चहा टाकू का?" त्यानं कागद गुडघ्यावर सपाट केला. फार दिवसांनी त्याच्या कानशिलात तो जुना ठणका सुरू झाला होता. दाढ ठणकावी तसा, आणि दाढेसारखाच पुन्हापुन्हा जिभेनं चाचपून बघावासा वाटणारा.

मुळशीचं धरण झालं तेव्हा तो लहान होता. लोक उठले, सत्याग्रह झाला, त्याचा बाप कोंडिबा तुरुंगात जाऊन आला, आणि तरी पाणी चढलंच. त्यांच्या भैरवाडीची खाचरं, खळी, देऊळ, सगळं त्याखाली गेलं. कोंडिबाचा सख्खा भाऊ गेणबा मात्र धरण बांधणाऱ्या कंपनीच्या मोजणीवाल्यांबरोबर मोजणीची साखळी धरून हिंडत होता. कोंडिबाच्या आंबेमोहोराच्या खाचरात एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत साखळी ताणली गेली तेव्हा तिचं टोक गेणबाच्या हातात होतं. जयसिंग बांधावर बसून ते बघत होता. साखळीच्या कड्या ओल्या मातीत खुळखुळत गेल्या तो आवाज पुढं कितीतरी वर्षं त्याला कुठंही ऐकू यायचा, विहिरीवर, बैलाच्या गळ्यात, कारखान्यातल्या क्रेनवर. गेणबाला धरणावर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली, खाकी कोट मिळाला, राहायला चाळीतली खोली मिळाली. कोंडिबा परगावच्या रस्त्यावर खडी फोडता फोडता तापानं गेला. त्याची बायको साळूबाई पोराला घेऊन पाण्याच्या वरच्या टेकाडावर खोपटात राहिली. जन्मभर भात लावलेली बाई उतारावर नाचणी पेरू लागली. संध्याकाळी ती पाण्याकडे बोट करून त्याला दाखवायची, "त्या तितं आपलं खळं. अल्याड गोठा. त्येच्या म्होरं जी सावली दिसतीया न्हवं, तितं तुजी पाचवी पुजली." सावली कसली, नुसतं पाणी असायचं. पण त्याला सगळं दिसायचं. आणि शेवटी, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात ती म्हणायची, "फुटंल. येक ना येक दिस फुटंल."

बेचाळीस सालच्या चैत्रात तो पुण्यात, ओतशाळेत लाकडी साचे करायचं काम शिकत होता. म्हणून पुढचं त्यानं डोळ्यांनी पाहिलं नाही. पौडाच्या बाजारात बातमी आली की जपानची विमानं पूर्वेच्या किनाऱ्यावर बाँब टाकून गेली, आता मुंबई, आता धरणं. सूर्य बुडाला की धरणाच्या भिंतीवरचे दिवे मालवायचा हुकूम झाला. लोक घाबरून कोकणातल्या पाहुण्यांकडे निघाले. अंधारात विमानांना धरण सापडावं म्हणून साळूबाईनं टेकाडाच्या माथ्यावर गवत आणि गोवऱ्या रचल्या आणि तिन्हीसांजेला पेटवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पोलीस आले आणि तिला घेऊन गेले. तुरुंगातून ती सुटली तेव्हा जयसिंग तिला आणायला गेला. हगवणीनं तिची रया गेली होती. टेकाड चढताना त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि तिचं वजन लागेना म्हणून त्याला रडू आलं. वाटेत ती एवढंच बोलली, "गेण्यानं सांगितलं." मग पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी, खोपटाच्या दारात निजल्यानिजल्या आभाळाकडे बघत तिनं विचारलं, "आलं का रं?" तो म्हणाला, "यील." ती त्याच दुपारी गेली. गेणबा माती द्यायला आला नाही. आला असता तर जयसिंगनं काय केलं असतं, हे जयसिंगनं नंतर हजार वेळा करून पाहिलं. खोऱ्यानं, दगडानं, नुसत्या हातांनी. दरवेळी शेवटी म्हातारीचं ते हलकं वजन पाठीवर यायचं आणि हात गळून पडायचे.

कागद मिळाल्यावर त्यानं पांगाऱ्याचा एक वाळलेला ओंडका आणला. पांगारा हलका, खेळण्यांचं लाकूड, पटाशीखाली लोण्यासारखा जातो. कामावरून आला की तो खिडकीशी बसायचा. विसाव्या हिश्शाचं माप धरलं. पुष्कळ तासून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण सवयीनं ओतशाळेतली पट्टी घेतली आहे. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचे करणाऱ्याच्या पट्टीवरचा इंच मुळातच थोडा मोठा असतो. विमान असायला हवं त्याहून जरासं मोठं होणार होतं. त्यानं पट्टी बदलली नाही. धडाची गोलाई त्यानं कानशीनं काढली, पॉलिशपेपरनं गुळगुळीत केली, डोळे मिटून तळवा फिरवला. कुठं खरखर लागली की पुन्हा घासायचा. पंख वेगळे करून सरसानं जोडले. दवाखान्यातून टाकलेली एक एक्स-रेची फिल्म मिळवली, गरम पाण्यात घालून तिच्यावरचं कुणाच्या तरी बरगड्यांचं चित्र खरवडून काढलं आणि त्या पारदर्शक पट्टीचं वैमानिकाच्या डोक्यावरचं झाकण बनवलं. लीलाबाई धान्य निवडता निवडता बघत असायची. तिला त्यानं सगळं सांगितलं होतं, लग्न झालं तेव्हाच. ती मुठा खोऱ्यातली, पण तिच्या घरादारावर पाणी आलं नव्हतं. "यात बसणार कोण?" तिनं एकदा विचारलं. त्याला वाटलं ती थट्टा करते आहे, पण ती खरंच विचारत होती. त्यानं आत एवढीशी खुर्ची केली आणि ती रिकामी ठेवली.

ओतशाळेतला वाल्मीक लढाईत विमानतळावर फिटर होता. त्याला जयसिंगनं कागद दाखवला. वाल्मीक म्हणाला, "झीरो म्हणतात याला. फायटर आहे हे. फार चपळ. आमचे लोक नाव काढलं तरी दचकायचे."

"धरण फोडंल का?"

"धरण?" वाल्मीक हसला. "अरे, याच्यात बंदुका असतात. माणसं मारील, विमानं पाडील. धरणाच्या भिंतीला काय होतंय यानं? आणि तुझ्या मुळशीपर्यंत येणार कुठून? समुद्रात बोट पाहिजे जवळ, तिच्यावरनं उडतं हे."

जयसिंगनं कागद घडी करून खिशात घातला. म्हणजे आईनं जाळ केला तो जे येणारच नव्हतं त्याला, आणि आलं असतं तरी ज्याच्यानं काही झालं नसतं त्याला. हे कळल्यावर काम थांबेल असं त्याला क्षणभर वाटलं. उलट हात जास्त जोरात चालू लागले. माणसं मारील, हे वाल्मीकचे शब्द त्याला बरे वाटले होते. लाकूड घासता घासता तो त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसायचा. खाली पौडाची घरं, नदीची वळणं, मग ती लांबलचक भिंत, तिच्यावर खाकी कोटातलं एक माणूस. माणूस वर बघतं. पळू लागतं. भिंतीवर आडोसा नाही, एकीकडे पाणी, दुसरीकडे खोल दरी. तो वळून पुन्हा येतो, इतका खाली की कोटाची बटणं दिसावीत. बंदुका तो कधीच झाडायचा नाही. त्याला फक्त ते पळणं हवं होतं, पुन्हापुन्हा, आणि वर वळलेलं ते तोंड. त्या तोंडावर भीती कशी दिसेल हे मात्र त्याला नीट जमत नव्हतं. गेणबाचा चेहरा त्याला आठवायचा तो साखळी धरलेला, उन्हानं डोळे बारीक केलेला, शांत. उन्हाळ्याच्या शेवटी रंग दिला. धड फिकट राखी, नाकाडाला काळा. पंखांवरचे दोन गोल त्यानं ओतशाळेतल्या लाल रंगानं भरले. विमान माळ्यावर ठेवलं. पावसात धरण भरलं की घेऊन जायचं आणि गेणबापुढं ठेवायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. पुढं काय, ते तिथं गेल्यावर सुचेल.

त्याच जुलैमध्ये, एकसष्ट साली, पानशेतचं धरण फुटलं. जयसिंगची दुपारची पाळी होती म्हणून सकाळी तो घरीच होता. पाऊस पडत होता. गल्लीतून माणसं ओरडत पळाली, "फुटलं! धरण फुटलं!" कुठलं, ते त्या क्षणी कुणी सांगितलं नाही. तो गॅलरीत आला. थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी तपकिरी पाणी दिसलं, ओसरीवरून आल्यासारखं सावकाश, मग एकदम जोत्याशी, मग तळमजल्याच्या खिडक्यांशी. नदीकडच्या बाजूनं एक आरशाचं कपाट उभंच्या उभं वाहत आलं आणि कोपऱ्यावर अडून गोल फिरत राहिलं. कुठल्याशा बँडवाल्याचा मोठा ढोल भिंतींवर आपटत गेला. दरवेळी आपटला की वाजायचा. खाली राहणारी तुळजाबाई शिवणयंत्राचं डोकं कवटाळून जिन्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि ते सोडायला तयार नव्हती. लीलाबाई तिला दंडाला धरून वर ओढत होती. "अहो, हात द्या!" ती ओरडली. जयसिंग कठड्याला धरून उभा होता. पाण्याला चिखलाचा आणि गोठ्याचा वास होता. त्याला ते सगळं फार ओळखीचं वाटत होतं, पूर्वी कुणीतरी रोज संध्याकाळी समोर बसून सांगितल्यासारखं. लीलाबाईनं वर पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "हसताय तुम्ही?" तेव्हा त्याला कळलं की आपण हसतो आहोत. तोंड मिटायला त्याला ओठांवर हात फिरवावा लागला. मग तो धावला, तुळजाबाईला यंत्रासकट उचलून वर आणलं, संध्याकाळपर्यंत शेजारच्या आळीतली आणखी माणसं दोरानं ओढून काढली. पण लीलाबाईनं जे पाहायचं ते पाहिलं होतं.

तिच्या भावाचं घर नदीकाठी होतं. घर गेलं. माणसं वाचली, धाकटी मुलगी सापडली नाही. सुतकाचे दिवस संपेपर्यंत लीलाबाई नवऱ्याशी कामापुरतं बोलली. मग एका सकाळी तिनं माळ्यावरून ते विमान काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. "हे घरात नको मला," ती म्हणाली. "ज्याच्यासाठी केलंत त्याला नेऊन द्या. नाहीतर चुलीत घाला. तुमच्या चुलत्याचं काय ते तुम्ही बघा. पण त्या दिवशी तुमचं तोंड मी पाहिलंय. मला ते जन्मात विसरता येणार नाही." तिचा आवाज चढला नव्हता. तिनं आपल्याला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पटाशी बाजूला ठेवावी तसं त्यानं तेही बाजूला ठेवलं.

श्रावणात तो एस. टी.नं निघाला. जुन्या धोतरात गुंडाळलेलं विमान मांडीवर आडवं धरलं होतं. भूगाव, पिरंगुट, पौड. खाचरांतून भात लावून झालं होतं आणि त्या हिरव्या रंगाकडे बघायचं त्यानं टाळलं. धरणाच्या खालच्या अंगाला, नदीपासून थोडं वर गेणबाचं घर होतं. नोकरीतून निघाल्यावर त्यानं तिथंच बांधलं होतं. धरण भरून वाहत होतं आणि पाण्याचा आवाज घराच्या भिंतींना लागून होता, सतत, जात्यासारखा. दारात त्याची सून रंभाबाई भेटली, गेणबाचा मुलगा भैरू याची बायको. भैरू मागंच तापानं गेला होता. एवढ्याशा चणीची बाई. जयसिंगनं नाव सांगितलं तेव्हा ती पदर सावरून हळूच म्हणाली, "बसा भाऊजी. पर जरा बेतानं बोला. पानशेत फुटल्यापास्नं मामंजींस्नी झोप न्हाई. आपलं धरण धड हाय का, आसं दिसातनं धा येळा इचारत्यात. मला उचलून टेकाडावर न्ह्या म्हनत्यात. कवा ध्यानावर असत्यात, कवा न्हाई."

हे ऐकताना त्याच्या पोटात काहीतरी गोड पसरलं, आणि त्या गोडव्याची त्याला लाज वाटली नाही.

गेणबा दाराजवळ बाजेवर होता. एक बाजू लुळी पडलेली. कोटाच्या जागी गोधडी. त्यानं पाहुण्याकडे मान वळवली. "कोंडिबाचा जयसिंग न्हवं तू? वैनीवानी दिसतुयास."

जयसिंगनं धोतर सोडलं आणि विमान त्याच्यापुढं धरलं.

"काय हाय त्ये?"

"इमान. जपानचं. आयनं ज्येला जाळ दाखवला त्ये."

म्हाताऱ्यानं चांगला हात पुढं करून पंखाला बोट लावलं आणि काढून घेतलं. रंभाबाई चुलीकडे जाता जाता थांबली.

"तुमीच सांगितलंत ना पोलिसांस्नी?" जयसिंगनं विचारलं. गेली एकोणीस वर्षं हा प्रश्न तो मनात मोठ्या आवाजात विचारत आला होता. प्रत्यक्षात तो अगदी बारीक आला.

"व्हय. मीच," गेणबा म्हणाला. "पुन्यांदा पेटिवला असता तर पुन्यांदा सांगितलं असतं."

"खाकी कोटासाठी?"

"कोट?" म्हातारा धापा टाकत उठून बसायला बघत होता. "मी ऱ्हात कुटं हुतो? भिताडाच्या बुडाशी. चाळीत माजी चार पोरं निजायची. जाळ कराय लागली त्येच्या आदल्या दिशी वैनी आली हुती घरी. पोरांस्नी रताळी घिऊन. भैरूच्या डोईवरनं हात फिरिवला तिनं, आन् माज्याकडं बगून म्हनली, गेण्या, ही तुजी पोरं पान्यातनं जाताना मला टेकाडावरनं बगायचीत."

"खोटं हाय."

"असंल खोटं. तुजी आय तुला ठावं हाय."

आणि त्याला ठाऊक होती. ती हे कुठल्या आवाजात म्हणाली असेल तेसुद्धा त्याला ऐकू आलं, आणि म्हणताना तिच्या तोंडावर काय असेल तेही दिसलं, कारण ते तोंड त्याचंच होतं, गॅलरीत कठड्याला धरून उभं असलेलं. म्हातारा खोटं बोलत नव्हता. लीलाबाईच्या भावाची धाकटी मुलगी, जिच्या वेणीत नेहमी लाल फीत असायची, तिची त्याला आठवण झाली. आता राग उतरेल, असं वाटून तो थांबला. आतून काहीतरी सुटेल आणि आपण या बाजेशी बसून रडू. तो थांबूनच राहिला. राग उतरला नाही. तो जिथं होता तिथंच होता, चांगला घासूनपुसून गुळगुळीत केलेला, आणि आता त्याला कुठल्याच कारणाची गरज उरली नव्हती.

त्यानं पिशवीतून सुतळी काढली. बाजेच्या काठावर एक पाय दिला, दुसरा कोनाड्यात रोवला आणि तुळईला विमान बांधायला लागला.

"अवो, काय करताय?" रंभाबाई पुढं आली. "आजारी मानूस हाय."

"बांदू दे त्येला," गेणबा म्हणाला. त्याचा आवाज अजून ताठ होता.

जयसिंगनं गाठीवर गाठ मारली. ओतशाळेत जड साचे टांगायची ती गाठ. मग तो खाली उतरला आणि भिंतीशी उभा राहिला. नदीकडून वारा आला. विमान आधी दाराकडे वळलं, डुललं, मग हळूहळू फिरत त्याचं काळं नाक बाजेकडे आलं आणि तिथं थांबलं. बाहेर सांडव्याचं पाणी कोसळत होतं. गेणबा वर बघत होता. गोधडीवरची त्याची बोटं वळली.

"दिवा इजवा," तो म्हणाला.

भरदुपार होती. दिवा कुठंच नव्हता.

"रंभे, दिवा इजीव! बगतंय त्ये. भैरू! ऊट, भैरू. धाकलीला घे. वर पळा, टेकाडावर. आरं, निजताय काय मुडद्यांनो, पानी वाजतंया..." लुळ्या बाजूसकट तो बाजेवरून घसरू लागला. मेलेल्या नवऱ्याचं नाव ऐकून रंभाबाईनं तोंडात पदर कोंबला. मग तिनं धावत येऊन म्हाताऱ्याला छातीशी धरलं. तो तिच्याही अंगावर ओरडत होता, तिला कुणी दुसरीच समजून, "वैनी, सोड पोरांस्नी, वैनी!" त्याचं तोंड वर वळलं होतं. विमान घडवताना जयसिंगला मनात जे उभं करायला जमलं नव्हतं ते समोर होतं, पुरतं, काही कमी नाही.

"काडा त्ये भाऊजी," रंभाबाई म्हणाली. "पाया पडते तुमच्या. काडा."

त्याचा हात अर्ध्यापर्यंत वर गेला. गाठ त्यानंच मारलेली होती, पुन्हा बाजेवर पाय देऊन त्याला सोडता आली असती. त्यानं हात खाली घेतला, रिकामं धोतर घडी करून पिशवीत घातलं आणि उंबरा ओलांडला. अंगणात कोंबड्या चिखल उकरत होत्या. रस्ता चढावर होता आणि अर्ध्या चढापर्यंत आवाज ऐकू येत राहिला, "वर पळा, वर पळा," मग पाण्याच्या आवाजात मिसळला. बाजेवर चढूनही रंभाबाईचा हात तुळईपर्यंत पोचणार नव्हता, हे त्याला बांधतानाच माहीत होतं. वाडीतली माणसं शेतावर होती, संध्याकाळशिवाय कुणी येणार नव्हतं.

एस. टी. आली. तो चढला आणि ओल्या बाकावर बसला. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?"

"पुणं," जयसिंग म्हणाला. आवाज अगदी रोजच्यासारखा आला. गाडी सुटली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपला उजवा हात अजून गाठ सोडायला धरावा तसा धरलेला आहे, आणि तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना.